टोमॅटो-कांद्याच्या वाहतुकीसाठी नवी पिकअप : १.३ टन, १.७ टन की २ टन?

कुकडीकाठ :

नमस्कार मंडळी.

आम्ही जुन्नर तालुक्यात कुकडीच्या कालव्यावर शेती करतो. दोघा भावांचे शेत एकत्र आहे. उन्हाळी टोमॅटो आणि रब्बी कांदा ही आमची मुख्य पिके असून मधल्या काळात थोडा फ्लॉवर आणि कोबी असतो. टोमॅटो नारायणगावच्या उपबाजारात जातो, कांदा ओतूरला किंवा आळेफाट्याला जातो, आणि इथे भाव पडलेला असला तर माळशेजमार्गे कल्याणला किंवा वाशीला माल पाठवावा लागतो. आजवर सगळे भाड्याच्या गाडीवर चालले. पण ऐन हंगामात प्रत्येकालाच एकाच वेळी गाडी हवी असते. तोडणी उरकून क्रेट बांधावर रचून ठेवलेले असतात आणि गाडी येते तेव्हा बाजारातली चांगली बोली होऊन गेलेली असते. म्हणून या वर्षी स्वतःची नवी गाडी घ्यायचे घरात ठरले आहे.

ऑन रोड साडेदहा लाखांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. त्यातले अडीच लाख आमच्याकडे आहेत आणि बाकीचे आठ लाख कर्ज काढावे लागेल. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, टाटा इंट्रा व्ही५० आणि अशोक लेलँडची बडा दोस्त अशा चार गाड्या शोरूममध्ये जाऊन पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी आपलीच गाडी कशी सरस आहे हे सांगितले गेले, आणि किती टनांचे पासिंग (कागदोपत्री मंजूर असलेला माल) घ्यावे या प्रश्नावर मात्र 'तुम्ही घ्या हो, भरताना कोण मोजतं' असेच उत्तर मिळाले. त्या उत्तराने माझे समाधान झाले नाही. आपला माल पाहता किती टनांची गाडी योग्य, कर्ज कसे घ्यावे, सीएनजीचा विचार करावा का, आणि हंगाम नसताना बाहेरचे भाडे मारता येईल का, याविषयी अनुभवी लोकांनी सविस्तर सांगावे ही विनंती. गाडी मी स्वतः चालवणार आहे. माझ्याकडे चारचाकीचा साधा परवाना आहे. तोडणीच्या दिवशी मजुरांना वस्तीवरून आणण्यासाठीही गाडीचा उपयोग होईल असे वाटते.

मंचर_वाहतूक :

दादा, आपण कंपनीच्या नावापासून नव्हे तर टनापासून सुरुवात केलीत हे योग्य झाले, कारण बाकीचे सगळे निर्णय त्या एका आकड्यावरच ठरतात.

आधी क्रेटचा हिशेब मांडू. नारायणगावला टोमॅटोचे क्रेट २० किलोचे धरतात, पण रिकाम्या क्रेटचे स्वतःचे वजन दीड-दोन किलो असते, म्हणून गाडीच्या दृष्टीने एक क्रेट २२ किलोंचे धरावे. १.३ टनांच्या गाडीत कायद्याने ५९ क्रेट बसतात, १.७ टनांच्या गाडीत ७७ आणि २ टनांच्या गाडीत ९०. पन्नास किलोच्या कांद्याच्या गोण्या धरल्या तर हेच आकडे अनुक्रमे २६, ३४ आणि ४० होतात. आता नऊ फुटी हौद्यात (मागच्या माल भरायच्या जागेत) एका थराला साधारण वीस क्रेट बसतात आणि लोक सहा-सहा थर रचून वर दोर आवळतात. ते १२० क्रेट झाले, म्हणजे २,६४० किलो. १.७ टन पासिंगच्या गाडीवर हा सव्वानऊशे किलोंहून जास्त ओव्हरलोड आहे आणि १.३ टनांच्या गाडीवर तर दुप्पट माल. रस्त्यावर रोज असे दिसते, म्हणून ते चालते असे समजू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडसाठी २०,००० रुपये आणि जादा वजनाच्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये दंड लिहिलेला आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च गाडीवाल्याचा. टोमॅटोसारखा नाशवंत माल भर उन्हात रस्त्याकडेला उतरवून ठेवावा लागला तर दंडापेक्षा मालाचेच नुकसान मोठे होते.

दुसरी गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. कागदावरची वहनक्षमता ही कंपनीच्या मूळ हौद्यासह असते. त्यावर आपण लोखंडी अँगलचा सांगाडा आणि जाळी चढवली, मागे जाड फाळका बसवला, जादा कमान पाटे घातले, की शे-दीडशे किलो त्यातच खर्ची पडतात. पाटे वाढवल्याने गाडी मागून बसलेली दिसत नाही, एवढाच फरक पडतो. ब्रेक, बेअरिंग, धुरा आणि चेसिस होते तेवढ्याच ताकदीचे राहतात, त्यामुळे पाटे वाढवले म्हणून पासिंग वाढले असे कोणी समजू नये.

यावर माझे मत असे की, आपल्या एका तोडणीत नेहमी निघणारा माल किती, हा आकडा मागच्या दोन हंगामांच्या आडतीच्या पट्ट्यांवरून (विक्रीच्या पावत्यांवरून) काढावा. सर्वांत मोठ्या तोडणीचा आकडा धरू नये, नेहमीचा धरावा. तो सत्तर-पंचाहत्तर क्रेटच्या आत असेल तर १.७ टन पुरेशी आहे, आणि एखाद्या दिवशी माल जास्त निघाला तर नारायणगाव जवळच असल्याने दुसरी खेप करता येते. नेहमीच ऐंशीच्या वर जात असाल तर २ टनच घ्यावी. १.३ टनांची गाडी शहरातल्या किराणा, सिलिंडर किंवा पार्सलसारख्या वाहतुकीला चांगली, पण टोमॅटोवाल्याने ती घेतली की पहिल्याच आठवड्यात तो ओव्हरलोड करू लागतो.

निफाड_द्राक्ष :

एक सूचना करतो. गाडी निवडण्याआधी वर्षभरात दिलेल्या भाड्याची बेरीज करून पाहावी. स्वतःच्या गाडीला बारा महिने हप्ता, विमा आणि टायरची झीज असते, आणि आपले टोमॅटो-कांद्याचे दिवस मिळून चार-पाच महिनेच होतात. उरलेल्या महिन्यांत बाहेरचे भाडे नक्की मिळेल असे दोन-तीन गिऱ्हाईक आजच ठरवता येत असतील, उदाहरणार्थ जवळचे खत दुकान, रोपवाटिका किंवा पोल्ट्री, तर खुशाल घ्यावी. तसे नसेल तर शेजारच्या दोन शेतकऱ्यांना हंगामाचे भाडे आधी ठरवून मगच बुकिंग करावे.

जुलै २०२३ मध्ये आपल्या नारायणगावलाच टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता आणि त्या हंगामात अनेकांनी गाड्या बुक केल्या. त्याच बाजारात क्रेटला शंभर रुपयेही न मिळाल्याने माल रस्त्याकडेला ओतल्याची वर्षेही आपण पाहिलेली आहेत. हप्त्याचा हिशेब पडलेल्या भावावर करावा.

माळशेजमार्गे :

मी कल्याण-वाशीकडे भाजीपाल्याची गाडी चालवतो, म्हणून चारही गाड्यांविषयी चालकाच्या बाजूने लिहितो.

बोलेरो पिकअपला २.५ लिटरचे डिझेल इंजिन आहे आणि ती १.३ टनापासून २ टनांपर्यंत वेगवेगळ्या पासिंगमध्ये मिळते. तिचे मोठे बलस्थान असे की आपल्या भागात प्रत्येक मोठ्या गावात तिचे काम जाणणारा मेकॅनिक आहे आणि क्लच प्लेट, बेअरिंग, पाटे, आरसा असे जे काही लागेल ते आळेफाट्यावर मिळते. विकायला काढली तर गिऱ्हाईकही लगेच लाभते. उणे बाजू अशी की ती वळायला जागा जास्त घेते आणि रिकामी असताना मागून आदळते. योद्धा २.० चे इंजिन २.२ लिटरचे असून टॉर्क (ओढण्याची ताकद) २५० न्यूटन मीटर आहे. दोन टन माल घेऊन चढावर तिला गिअर कमी बदलावे लागतात, हा फरक चालवणाऱ्याला लगेच जाणवतो. इंट्रा व्ही५० दीड टनांची आहे, इंजिन दीड लिटरचे, पण टॉर्क २२० न्यूटन मीटर असल्यामुळे ओढीला कमी नाही. ती वळते सहज, स्टिअरिंग हलके आहे आणि बाजार समितीच्या गर्दीत मागे घ्यायला सोपी पडते. बडा दोस्तचे इंजिनही दीड लिटरचेच आहे, तिचे आय४ मॉडेल सुमारे १.८ टन घेते, केबिन रुंद आहे आणि समोर बॉनेट नसल्याने गाडीच्या लांबीचा मोठा भाग हौद्याला मिळतो.

बॉनेटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. बोलेरो आणि योद्धा यांचे इंजिन पुढे बॉनेटखाली आहे, त्यामुळे रस्त्यात काही झाले तर बॉनेट उघडून हात घालता येतो आणि समोरून धडक बसली तर चालकाच्या पायांपुढे थोडे अंतर तरी असते. सपाट तोंडाच्या गाडीत समोरचे जवळचे छान दिसते आणि हौदा लांब मिळतो, पण केबिनमध्ये इंजिनाची गरमी जास्त येते. माळशेजसारखा घाट वरचेवर असेल तर मी स्वतः बॉनेटची गाडी घेईन. आपला मुख्य बाजार नारायणगाव-ओतूरच असेल आणि घाट क्वचितच लागणार असेल तर व्ही५० आणि बडा दोस्त या दोन्हींचा विचार अवश्य करावा.

घाटाचे एवढे सविस्तर सांगतो, कारण गाडीची खरी परीक्षा चढावर होत नाही, उतारावर होते. भरलेली पिकअप घेऊन माळशेजचा बोगदा ओलांडून कोकणात उतरू लागलो की पहिल्या दोन-तीन वळणांतच गाडीचे वजन मागून ढकलू लागते. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचे आणि वेग इंजिनाने धरून ठेवायचा, हा जुना नियम आहे. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर लायनरचा जळका वास येऊ लागतो आणि पेडल मऊ लागते. तोवर उशीर झालेला असतो. पावसाळ्यात तिथे धुके इतके दाट असते की पुढच्या गाडीचे मागचे दिवेही शेवटच्या क्षणी दिसतात. अशा जागी पासिंगपेक्षा पाचशे-सातशे किलो जास्त माल असलेली गाडी कोणत्याही कंपनीची असली तरी धोक्याचीच. म्हणून मंचरकरांनी वजनाचे जे लिहिले आहे ते केवळ दंडापुरते समजू नये.

चाचणी घेताना रिकामी गाडी शोरूमभोवती फिरवून परत येऊ नये. आपलेच साठ-सत्तर भरलेले क्रेट नेऊन डेमो गाडीत ठेवू द्या अशी विनंती करावी. विक्री करायची असेल तर बहुतेक ठिकाणी नकार मिळत नाही. भरलेली गाडी चढावर मध्येच थांबवून हँडब्रेक लावावा, तिथूनच पुन्हा उचलून पाहावी आणि क्लचचा वास येतो का ते पाहावे. त्याचप्रमाणे रिकामी गाडी आपल्या शेताच्या वाटेसारख्या कच्च्या रस्त्यावर न्यावी, कारण या गाड्यांची मागची चाके गाडी ओढतात आणि हौदा रिकामा असला की काळ्या मातीच्या चिखलात ती जागीच फिरतात.

सीएनजीविषयी : इंधनखर्च कमी येतो हे खरे आहे, परंतु टाक्यांचे वजन वहनक्षमतेतून वजा होते, भरल्या गाडीची चढावरची ओढ डिझेलपेक्षा कमी असते आणि टाक्यांची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. रोज ठरलेल्या मार्गावर पुणे-नाशिक महामार्गाने जाणाऱ्यास सीएनजी परवडते. शेतमालासाठी, आणि तोही घाटातून न्यायचा असेल तर, मी डिझेलच सुचवीन. डिझेल गाडीत एक पथ्य मात्र पाळावे लागेल. बीएस-६ (धुराच्या नव्या कडक निकषांच्या) गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरली तर त्यात काजळी साठत जाते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. ही काजळी जळून जाण्यासाठी गाडी मधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग, बऱ्या वेगाने चालवावी लागते. घेत असलेल्या मॉडेलला ॲडब्लू (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचा) द्रव लागतो का, हेही विचारून घ्यावे.

हिशेबवही :

पैशाच्या बाजूने चार गोष्टी सांगतो, कारण गाडी चांगली निवडूनही लोकांचे नुकसान या टप्प्यावर होते.

पहिली गोष्ट व्याजाची. शोरूममध्ये बसलेला फायनान्सचा माणूस बहुधा फ्लॅट दर (शेवटपर्यंत पूर्ण मूळ कर्जावर व्याज) सांगतो आणि बँक घटत्या शिलकीवरचा (फेडायच्या उरलेल्या रकमेवरचा) दर सांगते. ऐकायला फ्लॅट ८ टक्के बँकेच्या १० टक्क्यांपेक्षा स्वस्त वाटते, प्रत्यक्षात ते उलटे आहे. आठ लाखांचे कर्ज चार वर्षांसाठी फ्लॅट ८ टक्क्यांनी घेतले तर व्याज २,५६,००० रुपये आणि मासिक हप्ता २२,००० रुपये होतो. हेच कर्ज घटत्या शिलकीवर १० टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे २०,२९० रुपये येतो. महिन्याला सतराशे, म्हणजे चार वर्षांत ऐंशी हजारांहून जास्त फरक पडतो. फ्लॅट ८ टक्के म्हणजे घटत्या शिलकीच्या हिशेबाने १४ टक्क्यांच्याही वर दर झाला. म्हणून दर विचारण्याऐवजी 'किती हप्ते, किती रुपयांचे, आणि फाइल चार्जसह सुरुवातीला किती कापणार' एवढेच लेखी मागावे आणि दोन ठिकाणचे कागद शेजारी ठेवून तुलना करावी. मुदतीआधी कर्ज फेडल्यास काय आकार लागतो तेही त्याच कागदावर लिहून घ्यावे, कारण कांद्याला भाव मिळालेल्या वर्षी आपल्याला एकरकमी पैसे भरावेसे वाटतील.

शेतकऱ्याने आणखी एक मागणी करावी, ती म्हणजे हप्ता मासिक न ठेवता सहामाही किंवा हंगामाप्रमाणे ठेवण्याची. काही बँका शेतीचे उत्पन्न दाखवल्यावर अशी सोय देतात.

दुसरी गोष्ट कोटेशनची. मालवाहू वाहनांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, म्हणून जुन्या किमतीच्या आठवणीवर 'सूट' मोजू नये. कराच्या कपातीमुळे उतरलेली किंमत वेगळी आणि विक्रेत्याने दिलेली सूट वेगळी. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांसाठी किमतीच्या ७ टक्के एकरकमी कराची तरतूद आली, त्यामुळे गाडी जितकी महाग तितका करही जास्त. विम्याचे मात्र तसे नाही. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनाचा थर्ड पार्टी (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीच्या) विम्याचा मूळ हप्ता २०२२ च्या दरपत्रकानुसार १६,०४९ रुपये आहे, मग गाडी १.३ टनांची असो की २ टनांची. म्हणजे लहान पासिंग घेतल्याने त्या रकमेत काहीच वाचत नाही. स्वतःच्या नुकसानीचा विमा विक्रेत्याकडूनच घेण्याची सक्ती नसते. बाहेरून दर आणला की शोरूमचा दरही खाली येतो. माझ्या परिचयातल्या एका शेतकऱ्याच्या बिलात न मागितलेले सीट कव्हर, मॅट, रंगाचे कोटिंग आणि 'हाताळणी खर्च' असे मिळून बरेच हजार रुपये धरलेले निघाले. त्याने प्रत्येक ओळीचा खुलासा लेखी मागितल्यावर निम्म्याहून अधिक रक्कम वजा झाली.

तिसरी गोष्ट योजनांची. मराठा समाजातील अर्जदारांसाठी अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परतावा योजना आहे आणि इतर प्रवर्गांसाठीही त्या-त्या महामंडळांच्या योजना आहेत. आपण कोणत्या योजनेत बसता हे आपणच पाहावे, पण क्रम महत्त्वाचा आहे : पात्रता प्रमाणपत्र आधी, कर्जमंजुरी नंतर आणि गाडीचे बुकिंग शेवटी. गाडी दारात आल्यावर अर्ज करायला गेलेल्यांना रिकाम्या हाती परत यावे लागते.

आणि शेवटचा हप्ता फिटल्यावर बँकेकडून एनओसी (ना-हरकत दाखला) घेऊन आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) बोजा उतरवायला विसरू नये.

विधिज्ञा_नगर :

कुकडीकाठ दादा, आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या दोन वाक्यांविषयी मला आवर्जून लिहायचे आहे. मोटार अपघात दाव्यांचे काम करत असल्यामुळे त्या दोन मुद्द्यांवर कुटुंबे कशी उद्ध्वस्त होतात ते मी जवळून पाहते.

परवान्याची चिंता नसावी. ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाच्या साध्या परवान्यावर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी यावर शिक्कामोर्तब केले आहे. आपण पाहत असलेल्या चारही गाड्या या मर्यादेच्या कितीतरी आत आहेत. परमिटचा, म्हणजे गाडीने मालवाहतूक करण्याच्या परवानगीचा, नियम मात्र वेगळा आहे. ज्या मालवाहू वाहनाचे मालासह एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा जास्त नाही, त्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार परमिट लागत नाही. याच कारणाने पुष्कळ पिकअपचे एकूण वजन तीन हजारांच्या किंचित खाली ठेवलेले दिसते. १.७ किंवा २ टनांची गाडी स्वतःच्या वजनासह ही मर्यादा ओलांडते, म्हणून तिचे परमिट काढावे लागेल. ते अवघड नाही, पण त्याची मुदत आणि नूतनीकरण लक्षात ठेवावे लागते. योग्यता प्रमाणपत्र नव्या गाडीला दोन वर्षांचे मिळते, पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. योग्यता प्रमाणपत्र किंवा परमिट संपलेले असताना अपघात झाला तर विमा कंपनीचा पहिला आक्षेप त्यावरच असतो.

आता मजुरांविषयी. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे बसवणे कायद्याला मान्य नाही आणि विम्याचे संरक्षणही त्यांना मिळत नाही. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी एवढ्यांचाच समावेश कायद्याने केलेला आहे, आणि त्यांनीही केबिनमध्ये, आसनसंख्येच्या मर्यादेत बसावे अशी अपेक्षा आहे. सकाळी आठ-दहा बायका हौद्यात उभ्या राहून वस्तीवरून शेतावर येतात, हे आपल्याकडे नेहमीचे दृश्य आहे. कालव्याच्या कडेला चाक घसरून गाडी कलंडली तर त्यातल्या प्रत्येकीच्या भरपाईची जबाबदारी गाडीमालकावर येऊ शकते. मग घर आणि जमीन दोन्ही पणाला लागतात. पैशाचे बाजूला ठेवले तरी, ज्या बायका आपल्या शेतात राबतात त्यांना कठड्यापलीकडे कोणताही आधार नसलेल्या हौद्यातून नेणे मला माणूस म्हणून मान्य होत नाही. मजुरांसाठी प्रवासी रिक्षा किंवा जीप भाड्याने ठरवावी आणि तो खर्च तोडणीच्या खर्चात धरावा. घरातली चार माणसे आणि थोडा माल एकत्र नेण्याची गरज वरचेवर असेल तर दोन रांगांची आसने असलेल्या पिकअपही मिळतात, पण त्यांचा हौदा इतका आखूड असतो की आपल्या क्रेटसाठी त्या उपयोगाच्या नाहीत.

बाहेरचे भाडे मारायचे आहे हे विमा घेतानाच सांगावे आणि पॉलिसीवर वापराचा प्रकार तसा नोंदवलेला आहे याची खात्री करावी. चालक म्हणून आपला स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा आणि पुढेमागे पगारी चालक ठेवल्यास त्याच्यासाठीचा जादा हप्ता, या दोन ओळी पॉलिसीत असल्याच पाहिजेत.

कुकडीकाठ :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आडतीच्या पट्ट्या काढून पाहिल्या. नेहमीच्या तोडणीला माल साठ ते सत्तर क्रेट निघतो आणि भर हंगामातल्या थोड्या तोडण्या नव्वदच्या पुढे जातात. त्या दिवशी दोन खेपा करू. त्यामुळे १.७ टन पक्के केले आहे. माळशेजमार्गे वाशीला वर्षातून मोजक्याच वेळा जाणे होते, तरी मेकॅनिक आणि सुटे भाग यांचा विचार करून बोलेरो १.७ टनाकडे घरच्यांचा कल आहे. योद्धाची भरलेल्या क्रेटसह चाचणी घेऊन मग शेवटचा निर्णय करू. ओतूरच्या एका रोपवाटिकेने पावसाळ्यात रोपांचे भाडे द्यायचे कबूल केले आहे. बँकेकडे सहामाही हप्त्याचा अर्ज दिला. मजुरांसाठी शेजारच्या वस्तीवरची प्रवासी गाडी हंगामभरासाठी ठरवून टाकली. ताईंनी लिहिलेले आमच्या आईने वाचायला लावले आणि ऐकल्यावर तिनेच हा निर्णय दिला.

आता एकच विचारायचे राहिले आहे. गाडी ताब्यात घेताना काय-काय पाहावे?

मंचर_वाहतूक :

नोंदणी होण्याआधीच पाहावे, कारण एकदा नंबर पडला की तक्रारीला कोणी दाद देत नाही. यार्डात जाऊन आपल्याला मिळणारी नेमकी गाडी दिवसाउजेडी दाखवा असे सांगावे आणि तिचा चेसिस नंबर टिपून घ्यावा. नंतर बिल, विमा आणि फॉर्म २१ (विक्री प्रमाणपत्र) यांवर तोच नंबर आहे का ते ताडून पाहावे. फॉर्म २२ वर (कंपनीच्या प्रमाणपत्रावर) गाडी कोणत्या महिन्यात बनली ते कळते. यार्डात बरेच महिने उन्हापावसात उभी असलेली गाडी असेल तर एक तर दुसरी मागावी, नाहीतर किंमत कमी करून घ्यावी, कारण पुढे विकताना आरसीवरचे निर्मितीचे वर्षच पाहिले जाते. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत गळ्यात मारली जाते ती याच जागी.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. पाचही टायरांवर ते जवळपास सारखे हवेत. बॅटरीवरची तारीख पाहावी. गाडीखाली वाकून इंजिन, गिअर बॉक्स आणि डिफ्रन्शियलच्या सांध्यांवर ऑइलचा ओलावा आहे का ते बोट फिरवून पाहावे. हौद्याच्या वेल्डिंगजवळ आणि फाळक्याच्या बिजागऱ्यांवर रंगाखाली गंज धरलेला असतो, तिथे नख लावून पाहावे. जॅक, पाना, स्टेपनी आणि दुसरी किल्ली हातात घेतल्याशिवाय सही करू नये.

जाळीचा सांगाडा बसवायचाच असेल तर तो नोंदणीनंतर परस्पर न बसवता आधी आरटीओ कार्यालयात विचारून, नोंद होईल अशा मापाचा करून घ्यावा आणि पाइप हलका वापरावा. पहिल्या सर्व्हिसपर्यंत पासिंगच्या निम्म्या-पाऊण मालावर गाडी चालवावी आणि चाकांचे नट पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पुन्हा आवळून घ्यावेत. नव्या गाडीचे ते हमखास थोडे सैल होतात. कांद्याच्या हंगामाआधी गाडी हवी असेल तर बुकिंग याच आठवड्यात करा, कारण ऐन हंगामात १.७ टनांच्या गाडीसाठी थांबावे लागते आणि मग यार्डात जी उभी असेल तीच घ्यायची पाळी येते.